बंदुकीने डब्याला झाकण बसत नाही

न्यू जर्सी हे अमेरिकेतलं सगळ्यात दाट वस्तीचं राज्य. २०२२ मध्ये तिथे तीन हजारांच्या आसपास काळी अस्वलं होती आणि राज्यातल्या २१ च्या २१ काउंट्यांत ती दिसलेली आहेत. तरी वर्षानुवर्षं भांडण एकाच प्रश्नावर चालतं. शिकार हवी की नको?

प्रश्नच अर्धा आहे.

तीसेक वर्षांच्या खंडानंतर २००३ मध्ये तिथे शिकार पुन्हा सुरू झाली. त्या हंगामात ३२८ अस्वलं मारली गेली. २०१० मध्ये सहा दिवसांत ५९२. फिल मर्फी शिकार थांबवण्याचं आश्वासन देऊन २०१७ ची गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकले आणि २०२० नंतर ती थांबलीही. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांनीच शब्द फिरवला. वर्षाच्या पहिल्या दहा महिन्यांत अस्वलांच्या तक्रारी आदल्या वर्षापेक्षा २३७ टक्क्यांनी वाढल्या होत्या. बंदी जाहीर करायला पैसे लागत नाहीत. अस्वलांना वस्तीत ओढणारे गावोगावचे कचऱ्याचे डबे बदलायला मात्र लागतात.

शिकारीचं नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनी तिथले नियम तरी वाचावेत. मारलेलं अस्वल तपासणी नाक्यावर आणावंच लागतं. तिथे जीवशास्त्रज्ञ दात काढून वय ठरवतात, कानातला बिल्ला पाहतात. बिल्ला लावलेल्यांपैकी किती मेली, यावर हंगाम चालतो. प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर दिवस वाढतात, ३० टक्क्यांना टेकलं की हंगाम बंद. ३४ किलोपेक्षा लहान पिल्लू मारायचं नाही. तसलं पिल्लू सोबत असलेली आई मारायची नाही. एवढी शिस्त असेल तर संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी शिकार करता येते, हे मला मान्य आहे.

पण शिस्त कागदावर असून भागत नाही.

फ्लोरिडाने २०१५ मध्ये दोन दशकांनी शिकार उघडली. एकूण मर्यादा ३२० अस्वलांची आणि परवाने विकले तीन हजार सातशेहून अधिक. दोन दिवसांत तीनशेच्या आसपास अस्वलं पडली आणि हंगाम गुंडाळावा लागला. एका विभागात मर्यादा ४० ची होती, तिथे शंभराहून जास्त मेली. मोजणारे पोचेपर्यंत मारणारे मोकळे झाले होते. मग नियंत्रण कोणाचं होतं?

दहा वर्षांनी तेच राज्य शहाणं झालं. २०२५ च्या डिसेंबरसाठी सोडत काढून फक्त १७२ परवाने दिले, एका परवान्यावर एकच अस्वल. अर्ज आले एक लाख साठ हजारांवर. परवाना मिळाला तर तो न वापरता ठेवू, म्हणून शिकारीच्या विरोधकांनीही अर्ज भरले. घोषणांपेक्षा हा विरोध मला जास्त प्रामाणिक वाटतो.

आता खरी मेख. शिकारीने अस्वलांची संख्या घटते, हे खरं. तक्रारी घटतात का?

कॅनडातल्या ऑन्टारियोने १९९९ मध्ये वसंतातली शिकार बंद केली आणि २०१४ पासून काही भागांत ती पुन्हा सुरू केली. संशोधकांना शिकार असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना करायला आयतीच संधी मिळाली. शिकार सुरू झालेल्या भागांत माणूस-अस्वल संघर्ष कमी झाला नाही. रानात बोरं-फळं कमी आली की अस्वलं वस्तीत येतात, भरपूर आली की रानात राहतात. हिवाळ्याच्या तोंडावर अस्वलाला दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत लागतात. रानातलं एकेक फळ वेचत बसायचं, की अंगणात टांगलेलं पक्ष्यांचं दाणापात्र एका फटक्यात रिकामं करायचं?

आणि शिकारी कुठे असतो? रानात. न्यू जर्सीत घरमालकाच्या परवानगीशिवाय घरापासून ४५० फुटांच्या आत बंदूक चालवता येत नाही. हा नियम योग्यच आहे. पण ज्या अस्वलामुळे फोन खणखणतो, ते नेमकं त्या ४५० फुटांच्या आत, डब्यात तोंड घालून उभं असतं.

म्हणजे मरतं एक, छळतं दुसरं.

कोलोरॅडोतल्या ड्युरँगोत संशोधकांनी वेगळं करून पाहिलं. निवडक वस्त्यांत अस्वलाला उघडता न येणारे हजाराहून अधिक डबे फुकट वाटले. त्या वस्त्यांत कचऱ्यावरून होणारा उपद्रव ६० टक्क्यांनी उतरला. २०१८ पासून ही आकडेवारी छापून पडली आहे. त्यासाठी अस्वलाला गोळी घालावी लागली नाही. मग हे सगळीकडे का होत नाही? कारण बंदूक राज्याच्या खात्यात येते आणि डबा नगरपालिकेच्या. शिवाय १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरच्या करातून राज्यांच्या वन्यजीव खात्यांना पैसा मिळतो, शिकार परवान्यांचा मिळतो तो वेगळाच. डब्यामागे असा कोण उभा आहे?

विरोधकांनाही सोडून चालणार नाही. न्यू जर्सीतल्या, दोन पायांवर चालणाऱ्या 'पेडल्स' नावाच्या अस्वलासाठी लोकांनी सह्यांच्या मोहिमा काढल्या. २०१६ च्या ऑक्टोबरात ते शिकारीत गेल्याचं मानलं जातं आणि देशभर हळहळ झाली. त्याच ऑक्टोबरात न्यू जर्सीत साडेपाचशेहून जास्त अस्वलं मेली, त्यांना नाव नव्हतं. आणि २०१४ मध्ये वेस्ट मिलफर्डच्या रानात अस्वलाने एका विद्यार्थ्याचा जीव घेतला, हेही याच राज्यातलं. तो विषय टाळून अस्वलांची बाजू मांडता येत नाही.

हा हिशोब उचलून कोणी महाराष्ट्रात आणू नये. उत्तर अमेरिकेत काळी अस्वलं लाखांत आहेत. बुलढाणा-चंद्रपूरचं आपलं अस्वल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याची संख्या तशी नाही.

पण आपली माणसं तिकडे आहेतच. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीसारख्या गावांत मराठी घरं आहेत आणि पार्सिपनीची मॉरिस काउंटी अस्वलांच्या वाटेवर आहे. अस्वलाला खाऊ घातलं तर तिथे हजार डॉलरपर्यंत दंड होतो. कचरा रात्री नाही, गाडी यायच्या सकाळी बाहेर ठेवा. दाणापात्र हिवाळ्यापुरतंच टांगा. उघड्या डब्यापाशी अस्वल आलं म्हणून केलेला फोनही तक्रारींच्या आकड्यात जातो, आणि तोच आकडा दाखवून २०२२ मध्ये शिकारीचा हंगाम उघडला होता.