कंट्रोलरच्या बॅटरीची तहकिकात : होतकरूंस सूचना

तारेच्या पाशातून मुक्त झालेल्या कंट्रोलरच्या अंगी किती शक्ती शिल्लक आहे, याची तहकिकात खेळास बसण्यापूर्वी करावी असा नियम आहे. आणि अंतिम शत्रूशी झुंज ऐन रंगात आल्याखेरीज ती करू नये असा सार्वत्रिक रिवाज आहे. प्रस्तुत मार्गदर्शन नियम पाळणाऱ्या अल्पसंख्य सज्जनांसाठी असून, रिवाज पाळणारांनी ते चार्जिंगची केबल शोधता शोधता वाचले तरी हरकत नाही.

ज्यांच्या घरी प्लेस्टेशन 5 विराजमान आहे, त्यांनी कंट्रोलरच्या मध्यावरील पीएस बटण एकवार, हलक्या हाताने दाबावे, म्हणजे पडद्याच्या तळाशी कंट्रोल सेंटरची पट्टी प्रकट होईल आणि तीतील ॲक्सेसरीजच्या चिन्हावर गेले असता बॅटरीचे दर्शन घडेल. हेच बटण दाबून धरण्याचा उतावीळपणा केल्यास होम स्क्रीनवर रवानगी होते. प्लेस्टेशन 4 च्या अमदानीत मात्र कायदा नेमका उलटा होता: बटण दाबून धरल्यावाचून हिशेब मिळत नसे, आणि नुसते दाबणारा होम स्क्रीनवर जाई. सबब 2013 च्या यंत्रावर घडलेल्या आणि 2020 च्या यंत्रावर बदली होऊन आलेल्या अंगठ्याकडून काही काळ कसूर झाल्यास त्यास क्षमा करावी.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये सहसा दोन पेन्सिल सेल घालावे लागतात, आणि एक्सबॉक्सचे बटण दाबले की गाइडमध्ये बॅटरीचे चिन्ह दिसते. परंतु त्याच्या साक्षीवर विसंबण्यापूर्वी आत घातलेल्या सेलची जात विचारावी. अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टच्या सुमारास आरंभ करून क्रमाक्रमाने उतरत जातो, म्हणून त्याच्याविषयीचा अंदाज पुष्कळसा खरा ठरतो. पण पुनःपुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ 1.2 व्होल्टच्या आसपास ढिम्म बसून राहतो आणि अखेरीस एकाएकी कोसळतो. व्होल्टेजवरून शिलकीचा अदमास बांधणारे चिन्ह अशा प्रसंगी, शेते करपून गेली तरी ‘आणेवारी समाधानकारक’ असा अहवाल वर धाडणाऱ्या कुलकर्ण्याच्या निष्ठेने, शेवटच्या घटकेपर्यंत सर्व क्षेम असल्याचे कळवीत राहते. खेळाडूने तेवढ्यापुरते सरकारी कागद बाजूस ठेवून शेजारी दोन ताजे सेल तैनात ठेवावे.

आता भरण्याविषयी. प्लेस्टेशन 5 रेस्ट मोडमध्ये निद्रिस्त असता कंट्रोलर केबलने जोडल्यास त्यावरील नारिंगी दिवा संथपणे लुकलुकतो आणि भरणा पूर्ण होताच विझतो. मात्र निद्रावस्थेत यूएसबी पोर्टला वीज पुरविण्याची मंजुरी सेटिंगमध्ये आगाऊ दिलेली असली पाहिजे. तेव्हा विझलेला दिवा पाहून कंट्रोलर तुडुंब भरला असे मानणाऱ्या गृहस्थाने, मित्रमंडळीस सामन्याचे आव्हान देण्यापूर्वी, ही मंजुरी तपासावी, भिंतीवरील खटका पाहावा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाचा रीतसर पंचनामा करावा. कारण केबल कशालाच जोडलेली नसली तरी दिवा तितकाच विझलेला असतो.