हडपसरचा हिशेब

यादवीत घरं जळतात ती दहा वर्षांत पुन्हा उभी राहतात. राज्य उभं राहतं की नाही, हे लढाईनंतर गादीवर बसणारा कोणाच्या जोरावर बसला आणि बसल्यावर त्याने काय केलं, त्यावर ठरतं. पुण्याने याची किंमत मोजली आहे.

एप्रिल १८०१ मध्ये पेशवा दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. होळकरांशी समेट करायची ती वेळ होती, ती सूडात गेली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, विठोजीचा भाऊ यशवंतराव याने हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. मेले ते बहुतेक आपलेच. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून बसला: सहा हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख. १३ मे १८०३ रोजी इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात तो पुण्यात परतला.

फौजांनी मुलूख ओरबाडला होता, वर पाऊस रुसला. १८०३-०४ च्या दुष्काळात माणसं अन्नावाचून मेली. अशा वेळी साऱ्यात सूट, तगाई आणि दुरावलेल्या सरदारांशी समेट हवा. बाजीरावाने महाल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जास्त बोली लावेल त्याला मामलत! पुढच्या साली महाल हातून जाईल या धास्तीने मक्तेदार याच साली रयतेला पिळून घेई. रास्त्यांसारख्या जुन्या घराण्याची जहागीर जप्त झाली. गादी राखायला भाड्याची फौज होती, मग माणसं राखायची गरज कोणाला वाटणार? १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर त्याच इंग्रजांचं निशाण लागलं.

हाच हिशेब अलीकडेही दिसतो. अफगाणिस्तानात २००१ मध्ये हरलेल्या तालिबानला बॉन परिषदेत जागा नव्हती. परकी फौज निघताच, २०२१ मध्ये, ते काबूलमध्ये परतले. उलट नेपाळने २००६ मध्ये माओवाद्यांशी करार केला, २००८ मध्ये त्यांना निवडणुकीला उभं केलं. तिथली सरकारं वारंवार पडली, पण माओवाद्यांशी झालेलं युद्ध पुन्हा पेटलं नाही.

म्हणून पुनर्बांधणीसाठी अब्जावधींचे आकडे जाहीर होतात तेव्हा मी आधी दोन गोष्टी बघतो: हरलेल्यांचा माणूस बैठकीत आहे का, आणि गावचा सारा ठरवणारा गावाला जाब देतो का. ही दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील, तर त्या पैशातून पुढच्या लढाईचीच सोय होते.