आजोबांच्या घोड्याचा भाव

नेरूळच्या घरांत माळ्यावर सहसा तीन वस्तू निघतात: मखराचे थर्माकोल, बंद पडलेला मिक्सर आणि गावचे घर विकताना उचलून आणलेली पत्र्याची ट्रंक. त्या ट्रंकेत, पितळी तांब्याखाली, तेलकट फडक्यात गुंडाळलेले सहाबारी पिस्तूल निघाले की गृहस्थाच्या मनात आधी भावाचा विचार येतो. कायद्याचा विचारही येतो, पण तोवर पायांत चपला सरकवलेल्या असतात आणि पिस्तूल भाजीच्या पिशवीत गेलेले असते. पुढील मार्गदर्शन या गृहस्थासाठी आहे. पिशवी आधी खाली ठेवावी.

पायरी पहिली: दुकान ओळखणे

वस्तू गहाण ठेवायची तर सोनार किंवा सावकार हे आपल्याकडचे रूढ पत्ते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सावकाराला सहकार खात्याचा परवाना लागतो. शस्त्रे घेण्या-विकण्याचा परवाना मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ खाली वेगळा मिळतो आणि पहिल्याने दुसऱ्याचे काम भागत नाही. शिवाय सोनाराची कसोटी सोन्यापुरती असते. काउंटरवर भाजीच्या पिशवीतून रिव्हॉल्वर काढणारा माणूस गिऱ्हाईक आहे की दरोडेखोर, हे ठरवायला त्याच्याकडे फार तर दोन सेकंद असतात. तेवढ्यात तो भाव सांगेल, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

पायरी दुसरी: धातू वाचणे

हे काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्याचे. गृहस्थाने नळीत डोळा घालून पाहू नये, चाप दाबू नये, घोडा ओढू नये. आजोबांनी गोळ्या काढून ठेवल्या होत्या हे आजीला ठाऊक असेल, पिस्तुलाला नाही.

विक्रेता आधी छाप शोधतो. पंख फुटलेली गोळी दिसली, तर माल बर्मिंगहॅमच्या वेब्लीचा. ब्रिटिश फौजेने वेब्लीचे रिव्हॉल्वर १८८७ साली स्वीकारले आणि त्याची सहावी आवृत्ती पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये आली. ते मधोमध मोडल्यासारखे उघडते आणि रिकामी पुंगळी आपसूक बाहेर फेकते. रुंद बाणाची खूण दिसली, तर वस्तू कधीतरी सरकारी मालकीची होती; ती आजोबांकडे कशी आली, हा प्रश्न विक्रेत्याआधी आपण आत्याला विचारावा. नळी, चक्र आणि चौकट यांवरचे क्रमांक जुळले तर भाव चढतो. कुणी हौसेने निकेलचा मुलामा चढवला असेल, तर उतरतो. घासूनपुसून चकचकीत केलेला तांब्या चैत्रगौरीला शोभतो, संग्राहकाला मात्र मूळचा काळपट रंग हवा असतो.

पायरी तिसरी: कथा तपासणे

जुन्या शस्त्राला लोखंडापेक्षा कथेचे पैसे जास्त मिळतात. फ्रेंच कवी व्हर्लेन याने १० जुलै १८७३ रोजी ब्रसेल्समध्ये २३ फ्रँकला रिव्हॉल्वर घेतले आणि त्याच दिवशी मित्रावर, म्हणजे कवी रॅम्बोवर, झाडले. गोळी मनगटाला लागली. २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते ४,३४,५०० युरोंना गेले. व्हॅन गॉगने स्वतःवर झाडले असे मानले जाणारे रिव्हॉल्वर तर शेतात सापडले होते, पार गंजलेले. २०१९ मध्ये त्याचे १,६२,५०० युरो आले. कवीवर पिस्तूल झाडावे असे आपल्याकडच्या कविसंमेलनांतही पुष्कळांना वाटले असेल, पण लिलावात पुरावा लागतो.

मराठी घरात पुरावा म्हणून बहुधा क्रांतिकारकांचे नाव निघते. सावरकरांनी १९०९ मध्ये लंडनहून वीस पिस्तुले पाठवली, त्यांतलेच हे एक, असे काका ठामपणे सांगतात. काकांचा मान राखून एवढेच पाहावे: ती ब्राउनिंग पिस्तुले होती. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी तिथला कलेक्टर जॅक्सन याच्यावर झाडले तेही ब्राउनिंगच. त्यात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये बसतात. ट्रंकेतल्या वस्तूला गोल फिरणारे चक्र असेल, तर कथा तिथेच संपते.

पायरी चौथी: बोर मोजणे

नळीच्या व्यासावर परवान्याची फाईल कुठे जाईल हे ठरते. .३२ बोर असेल, तर अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात. .३८० किंवा .४५५ ची फौजी काडतुसे घेणारे असेल, तर प्रकरण दिल्लीला, केंद्रीय गृहखात्याकडे. लढाईतले भारदस्त वेब्ली नेमके या दुसऱ्या रांगेत बसते. म्हणजे वस्तू जितकी रुबाबदार, तितका गिऱ्हाईक दुर्मीळ.

पायरी पाचवी: कागद शोधणे

खरा भाव इथे ठरतो. परवाना चालू असेल आणि घेणाऱ्याकडेही असेल, तर परदेशी बनावटीच्या जुन्या .३२ ला भारतात चांगली किंमत येते, कारण सर्वसामान्यांसाठी आयात कित्येक वर्षे बंद आहे. परवाना नसेल, तर किंमत शून्याच्या खाली जाते आणि ती वर्षांत मोजतात: २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन, कमाल पाच, वर दंड. पिशवी घेऊन स्टेशनाकडे निघालेल्या गृहस्थाचे नाव मग वर्तमानपत्रात येते. ‘पोलिसांनी सापळा रचून’ने सुरू होणाऱ्या त्या बातमीत आजोबांचा उल्लेख नसतो.

एक पळवाट सुचते. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट, निकामी शस्त्राला कायद्याने सूट आहे. पण निकामी कशाला म्हणायचे, हे घरमालक ठरवत नाही. आणि खरोखरच निकामी ठरले, तर उरते ते अकराशे ग्रॅम लोखंड. त्याचा भाव भंगारवाला विनामूल्य सांगतो.

शेवटची पायरी

परवानाधारक वारल्यावर वारसांनी शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. आधी ठाण्यात फोन करावा, आजोबांचा जुना परवाना आणि मृत्यूचा दाखला शोधून ठेवावा, आणि वस्तू कशी आणायची ते त्यांनाच विचारावे. वारसाला स्वतःच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र वारशाचे धरून दोनच शस्त्रे बाळगता येतात. जमा केल्यावर पावती मागून घ्यावी. त्या पावतीवर नेरूळमधला कोणताही सोनार कर्ज देत नाही.