मालकसाहेब, आपण भाडेकरू

मराठी माणूस एखादी वस्तू किती तऱ्हांनी जवळ बाळगतो याची यादी करायला बसलो तर पान पुरणार नाही. तो ती विकत घेतो, भाड्याने घेतो, उसनी आणतो, उधारीवर उचलतो, हप्त्याने फेडतो, खंडाने कसतो, मक्त्याने चालवतो, पागडी मोजून तिच्यात राहतो; आणि पुस्तक असेल तर 'वाचून देतो' असे सांगून नेतो, जो या सर्वांतला सर्वांत कायमस्वरूपी प्रकार आहे. यातल्या प्रत्येक क्रियापदाचे नियम पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतात. उसनी आणलेली वाटी रिकामी परत करायची नसते आणि विकत घेतलेली वाटी कोणालाच परत करायची नसते, हे समजायला वकील लागत नाही. संगणकाच्या दुकानदारांनी मात्र इतक्या समृद्ध साठ्यातून एकच क्रियापद उचलले, आणि तेही नेमके चुकीचे. पुस्तक असो, सिनेमा असो, खेळ असो, पडद्यावर बटण एकच: 'विकत घ्या'. ते दाबल्यावर पैसे जातात ते विकत घेतल्याइतके आणि हाती पडते ती वापरायची परवानगी. या प्रकाराला इतका ऊत आला की शेवटी कॅलिफोर्निया राज्याला कायदा करावा लागला. १ जानेवारी २०२५पासून तिथे डिजिटल माल विकताना 'विकत घ्या' हे शब्द वापरायचे असतील, तर ग्राहकाला मिळतो तो फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगणे बंधनकारक झाले. ज्या राज्यातून या धंद्याचा बराचसा भाग जगभर पसरला, त्याच राज्याला विधिमंडळात बसून 'विकत' या शब्दाचा अर्थ लावावा लागला, यातच सगळे आले.

परवाना म्हणजे काय, हे 'द क्रू' नावाच्या मोटारशर्यतीच्या खेळाने शिकवले. युबीसॉफ्ट कंपनीने तो २०१४मध्ये बाजारात आणला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि सर्व्हरविना तो चालत नसल्याने चकतीवर घेतलेला खेळही चहाचा कप ठेवण्यापुरता उरला. पुढे ग्राहकांच्या खात्यांवरचे परवानेही रद्द होऊ लागले. त्यातून युरोपात खेळांना जिवंत ठेवण्याची मागणी करणारी मोहीम उभी राहिली आणि तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. एखाद्या क्षुल्लक खेळासाठी एवढा आरडाओरडा कशाला, असे वाटू शकते. पण गाऱ्हाणे खेळाचे नाहीच. डिसेंबर २०२३मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवले, की तुम्ही विकत घेतलेले डिस्कव्हरी वाहिनीचे कार्यक्रम वर्षअखेरीस तुमच्या संग्रहातून जातील. बोंब झाल्यावर निर्णय मागे घेतला गेला, ही कंपनीची कृपाच. पण मालकी सिद्ध करायला बोंब मारावी लागत असेल, तर ती मालकी नव्हे, मेहेरबानी झाली.

या पंथाचा आद्य चमत्कार मात्र जुलै २००९मधला. अ‍ॅमेझॉनवर एका विक्रेत्याने जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तके डॉलरभर किमतीत विकायला ठेवली होती. अमेरिकेत ती विकण्याचा हक्कच त्याच्याकडे नव्हता. हे ध्यानात येताच अ‍ॅमेझॉनने ती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली आणि पैसे परत केले. सत्ताधीशांना नको असलेला कागद गुपचूप नाहीसा करण्याची व्यवस्था ज्या कादंबरीत सविस्तर वर्णिली आहे, नेमकी तीच कादंबरी नाहीशी करायची, ही कल्पना एखाद्या विनोदी लेखकाने लिहिली असती तर संपादकाने 'फार ओढूनताणून' असा शेरा मारून परत केली असती. मालक जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागताना ही कृती मूर्खपणाची असल्याचे स्वतःच म्हटले. मिशिगनमधल्या एका विद्यार्थ्याचे टिपण पुस्तकाबरोबरच निकामी झाले होते. त्याने दावा लावला आणि कंपनीने तडजोड केली. पुढे अशी पुस्तके पुसणार नाही, असे वचनही दिले, 'काही अपवाद सोडून'. हे तीन शब्द मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नकोत; आपल्याकडे पाण्याच्या वेळापत्रकाखालीही ते असतात.

यावर पहिला युक्तिवाद ठरलेला असतो: अटी लिहिलेल्या होत्या, तुम्ही 'मान्य' म्हणालात, मग आता रडता कशाला? हा युक्तिवाद करणारे सहसा त्या अटी लिहिणारे असतात, कारण वाचणारे दुसरे कोणी सापडलेले नाही. पण थट्टा बाजूला ठेवू. विक्रेत्याने वस्तूवर स्वतःची अट छापली म्हणून ती ग्राहकावर बंधनकारक ठरते का, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. अमेरिकेतल्या बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने 'द कास्टअवे' नावाच्या कादंबरीत छापून टाकले होते, की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकण्याचा परवाना कोणाही विक्रेत्याला नाही. मेसीज या बड्या दुकानाने ते ८९ सेंटना विकले. अकरा सेंटांचा हा मामला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०८मध्ये निकाल लागला: एकदा प्रत विकलीत की तिच्यावरचा तुमचा ताबा संपला, पुढे तिचे काय करायचे ते घेणारा ठरवील. त्या निवाड्याच्या आधाराने जुन्या पुस्तकांची दुकाने उजळ माथ्याने चालली. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही एकदा बाजारात आलेली छापील प्रत पुन्हा विकायला लेखक-प्रकाशक आडवे येऊ शकत नाहीत. म्हणून तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेल्या वर्षीची गाइडे या वर्षीच्या पोराला अर्ध्या किमतीत मिळतात. 'द कास्टअवे' आज कोणी वाचत नाही, पण तिच्यातले ते एक वाक्य अजरामर झाले. न्यायालयाने ते छापील पुस्तकातून हाकलले आणि शंभर वर्षांनी ते पडद्यावर नव्या कपड्यांत येऊन बसले.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. कागदी पुस्तक एकाकडून दुसऱ्याकडे गेले की पहिल्याचा हात रिकामा होतो. फाइलचे तसे नाही. ती देऊनही उरते, ज्ञानाबद्दल सुभाषितांत सांगतात तशी. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९मध्ये जुन्या ई-पुस्तकांच्या विक्रीला नकार देताना एक कारण असे दिले, की ई-पुस्तक जुने होतच नाही, त्यामुळे वापरलेली प्रत नव्याइतकीच कोरी राहते. म्हणजे ग्रंथाचा अपराध काय, तर त्याची पाने पिवळी पडत नाहीत. तरीही हा मुद्दा खोटा नाही, आणि लेखकाच्या पोटाचा विचार करणाऱ्याने तो मान्यच केला पाहिजे. फक्त त्यातून निष्कर्ष काय निघतो ते नीट बघावे. 'याच्या नकला काढू नका' हे एक वाक्य आहे आणि 'हे आम्ही केव्हाही परत नेऊ' हे दुसरे. पहिल्याची सबब पुढे करून दुसरे खपवले जाते. शिवाय नकलांची भीतीही जरा फुगवलेलीच. अ‍ॅपलने २००९मध्ये आयट्यून्सवरच्या गाण्यांचे नकलबंदीचे कुलूप काढले, टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशकाने २०१२मध्ये ई-पुस्तकांचे काढले. दोघांचीही दुकाने उघडी आहेत. कुलपाचा त्रास होतो तो पैसे देऊन आत आलेल्याला. चोर खिडकीतून आलेला असतो आणि त्याच्याकडची प्रत कोणी परत मागत नाही.

आता तिसरा, भाबडा युक्तिवाद: पैसे तर परत दिले ना? मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा खरोखरच सगळे पैसे परत केले. ज्यांनी समासात टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर जमा दिले. समासातल्या विचारांना हा भाव मिळतो हे कळल्यावर मराठी लेखक छापील मजकूर सोडून समासातच लिहू लागतील, ही भीती रास्त आहे. पण पैसे परत देण्याने व्यवहार शुद्ध होत नाही. दहा वर्षांपूर्वी केलेल्या पाटल्या सराफाने एका सकाळी येऊन परत मागितल्या आणि त्या वेळच्या भावाने पैसे हातावर ठेवले, तर घरातली बाई त्याला 'किती प्रामाणिक माणूस!' म्हणणार नाही. विक्री मोडायची की नाही हे विकणाराच एकटा ठरवतो, यात खोट आहे. रकमेचा प्रश्न नंतरचा. आणि वस्तू काय आज ना उद्या जाणारच, घरच्या पुस्तकांना वाळवी लागतेच की, असे म्हणणाऱ्या वेदांत्यांना एवढेच सांगायचे, की वाळवी प्रकाशकाच्या हुकमाने येत नाही.

महाराष्ट्राला या उलट्या गंगेची गंमत जास्त कळायला हवी. आपल्याकडच्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा दिवस ठरवला आणि जमीन कसणाऱ्या कुळांनी ती विकत घेतली असे मानले. तारीख ऐकून काही जमीनदारांना वाटले असेल की आपल्याला एप्रिल फूल केले. कायद्याने भाडेकरूला खरेदीदार मानले. डिजिटल बाजार खरेदीदाराला भाडेकरू मानतो, आणि तेही पूर्ण किंमत वसूल करून. बरे, भाडेकरू तरी कसा? मुंबईतल्या पागडीच्या खोलीत राहणारा माणूस घरमालकाला त्याचा वाटा देऊन आपला हक्क दुसऱ्याला विकू शकतो, मागे राहणाऱ्या घरच्यांकडे तो हक्क जातो, आणि भिंतीला खिळा मारण्यावरून मालकाशी तीन पिढ्या भांडताही येते. ई-पुस्तकाच्या 'मालका'ला यातले काही नाही. २०१२मध्ये नट ब्रूस विलिस आपला गाण्यांचा संग्रह मुलींना वारसाने देता यावा म्हणून अ‍ॅपलला कोर्टात खेचणार, अशी बातमी जगभर झळकली. ती खोटी निघाली. गाणी वारसाने देता येत नाहीत ही अट मात्र खरी होती. खेळ विकणाऱ्या स्टीमच्या अटींतही खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. एवढे करून आपली तयारी काय, तर मृत्युपत्रात 'माझा पासवर्ड' असे लिहून ठेवायची.

ही पद्धत फाइलींपुरती राहिली असती तर कदाचित सोसली असती. पण एकदा मालकी ढिली करता येते हे कळल्यावर धातूच्या वस्तूही पाझरू लागल्या. बीएमडब्ल्यूने २०२२मध्ये काही देशांत गाडीची आसने गरम होण्याची सोय मासिक वर्गणीवर देऊ केली. ब्रिटनमध्ये महिना पंधरा पौंड. आसनातली तार गाडीत आधीच बसवलेली. वर्गणी थकली की बूड थंड. लोक चिडले आणि पुढच्याच वर्षी कंपनीने तो नाद सोडला. (हाच प्रयोग मे महिन्यात नागपुरात केला असता तर लोकांनी आसन गरम होऊ नये म्हणून वर्गणी भरली असती.) घरातली उपकरणे एकमेकांना जोडणारे 'रिव्हॉल्व्ह' नावाचे यंत्र २९९ डॉलरला 'आजन्म' सेवेसह विकले गेले होते, कंपनी विकत घेणाऱ्या नव्या मालकांनी २०१६मध्ये सेवाच बंद केली. तो जन्म कंपनीचा धरायचा होता, हे ग्राहकांना उशिरा उमगले. जॉन डिअर या ट्रॅक्टर-कंपनीने तर २०१५मध्ये अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाला लेखी कळवले, की ट्रॅक्टर घेणाऱ्याला गाडीतल्या संगणकप्रणालीचा, ती गाडी असेतोवर, चालवण्यापुरता गर्भित परवाना मिळतो. बैलाच्या बाजारात असा दलाल भेटला असता, बैल तुमचा पण त्याच्या चालण्यावर हक्क आमचा म्हणणारा, तर त्याला बैलानेच उत्तर दिले असते.

आपल्या सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. त्यात खोटी घाई लावणे, गुपचूप टोपलीत माल टाकणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे असे तेरा प्रकार आहेत. परवाना देऊन 'विकत घ्या' म्हणणे हा चौदावा प्रकार त्यात नावानिशी नाही. तो यावा, एवढी मागणी फार नाही. भाड्याने देणाऱ्यावर कोणाचा राग नाही. सिनेमाचे तिकीट काढताना कोणी चित्रगृह घरी नेऊ म्हणत नाही. पण विकतो म्हणायचे असेल तर फाइल कायमची हातात द्यावी, कुलूप न लावता. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा मालाला अटीतून मोकळेच ठेवले आहे. आणि द्यायची नसेल तर बटणावर खरे क्रियापद लिहावे. मराठीत शब्दांची टंचाई नाही: 'वापरायला घ्या', 'आमची मर्जी असेतोवर घ्या', अगदीच प्रामाणिक दुकानदार असला तर 'पैसे ठेवा आणि बघा'.

याहून कडक उपाय शिलाहार राजांच्या काळी होता. दान दिलेली जमीन कोणी परत बळकावू नये म्हणून शिळेवर मजकूर कोरत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर दान कायम. खाली, शब्द मोडणाऱ्याच्या घराण्यासाठी, एक गाढव. ते नेमके काय करत असते ते कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या अंकात सांगता येत नाही. कोकणात असे गधेगाळ अजून उभे आहेत. कॅलिफोर्नियाचे विधिमंडळ इतके पुढे गेले नाही. त्याच्या कायद्याने बटण तसेच राहू दिले, खाली एक ओळ वाढवली. अमेरिकेत किंडलचे पुस्तक घ्यायला गेले की आता वर ठळक अक्षरांत 'विकत घ्या' दिसते आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, की आपण परवाना विकत घेत आहात.