मानकरी

‘अरे, मला कशाला पुरस्कार?’ असं मी संयोजकांना अगदी मापात म्हणालो. त्यापुढे ताणलं नाही. मुरगूडची माणसं सरळ; नको म्हटलं तर ‘बरं, ऱ्हाऊ दे’ म्हणून मोकळी होतील. ‘समाजरत्न’ पक्कं झाल्यावर पुण्याहून फोन करून स्टँडवरच्या डिजिटलवर माझा फोटो कुठला टाकताय, तेवढं विचारून घेतलं. जुनाच टाका म्हटलं. त्यात केस आहेत.

आमच्या कॉलेजच्या बॅचचा स्नेहमेळावा म्हणजे हजर तेवढ्या सगळ्यांना पुरस्कार. मागाहून रुसारुशी नको. उद्योगरत्न, कृषिभूषण, कलारत्न. सोसायटीच्या निवडणुकीत प्रत्येक पॅनेलकडून पडलेल्या मित्राला ‘अजातशत्रू’. माझा फेटा असा आवळून बांधला होता की भुवया वर चढल्या, आणि सगळ्या फोटोंत मी स्वतःच्या कर्तृत्वाने थक्क झालेला दिसतो.

सत्काराला उत्तर देताना मी शाहू महाराजांच्या बोर्डिंगांवर येतो. कागल तालुक्यात हा विषय चालतोच. महाराज मूळचे कागलकर घाटग्यांचे. आमच्या गावचा तलावही त्यांच्या धाकट्या भावाच्या, सर पिराजीरावांच्या नावाचा. फी माफ केली तरी खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात भाकरी कोण घालणार, ही खरी अडचण महाराजांनी ओळखली. म्हणून 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच साली जैन बोर्डिंग, 1906 ला मुस्लिम बोर्डिंग, 1907 ला लिंगायत, 1908 ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकेका बोर्डिंगला मी आवाज थोडा चढवतो. टाळ्यांसाठी थांबतोही. 1917 च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणापर्यंत पोचलो, तोवर मांडवात तांबड्या रश्श्याचा वास शिरला होता आणि अजातशत्रू उठून पंगतीची जागा धरायला गेला होता. मी मिस क्लार्कवर परत आलो.

माझ्यानंतर ‘आदर्श गृहिणी’. ही वर्गात कायम पहिली. तिच्या वह्यांवर आमची अर्धी बॅच पास झालेली, मी त्या अर्ध्यातला. सन्मानचिन्हावर तिच्या नावापेक्षा नवऱ्याचं नाव मोठं होतं. तिने ते बघितलं, पदराने पुसल्यासारखं केलं आणि माइक हातात घेतला.

“बोर्डिंगं झाली. पण सून विधवा झाल्यावर महाराजांनी तिला सोनतळीला शिकवलं. इंदुमतीदेवींना. लोकांनी विरोध केला तरी शिकवलं. ते राहिलं बघ तुझ्या भाषणात.”

मी मान डोलावली. फेट्यामुळे ती जेवढी डोलायची तेवढीच डोलली.

“आणि आदर्श गृहिणी कशावरनं रे? माझ्या हातचं तुमच्यातल्या एकानं तरी खाल्लंय काय?”

मांडव हसला. तीही हसली. मग जरा थांबून म्हणाली, “मला एम.एस्सी. करायचं होतं. विद्यापीठ कोल्हापुरातच होतं. एस.टी. इथनंच सुटत होती.”

यावर काय बोलायचं ते कुणाला सुचेना. पुरस्कारांची यादी आठवडाभर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. ज्याने त्याने आपलं नाव तेवढं शोधलं. गणिताला, रसायनाला, भाषेला जिचा हात धरून आम्ही वर आलो, तिच्यासाठी एवढ्या रत्नांत आणि भूषणांत आम्हाला दुसरा शब्द सापडला नाही. आणि कुणी मुद्दाम केलं म्हणावं तर तसंही नाही. सहजच झालं. त्याचाच मला जास्त राग आला.

तिनेच आम्हाला सोडवलं. “पुढच्या साली ‘आदर्श नवरा’ ठेवा. शिफारस बायकोची लागेल. कोण कोण भरणार अर्ज, हात वर करा.”

समाजरत्न, उद्योगरत्न, कृषिभूषण सगळे एकदम जेवायला उठले.

रात्री बायकोला फोनवर सगळं सांगितलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की माझा अर्ज टाकून ठेवायला काय हरकत आहे?

“टाका की,” ती म्हणाली. “सही तेवढी माझी मागू नका.”