टेस्टरकाका

बाणेर-बालेवाडीपासून ठाण्याच्या घोडबंदर रोडपर्यंत, जिथे जिथे सोसायटीत स्विमिंग पूल आहे, तिथे तिथे टेस्टरकाका आढळतात. वय साठीच्या पुढे. निवृत्ती बँकेतून किंवा विमा कंपनीतून. विजेशी आलेला अधिकृत संबंध एवढाच, की बिल कधी थकवलं नाही. तरीही इतरांच्या खिशात पेन असतं तिथे यांच्या खिशात टेस्टर असतो. लग्नकार्यालाही. आहेराचं पाकीट द्यायच्या आधी ते मांडवातला बोर्ड तपासून येतात आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगतात, "अर्थिंग नाहीये हो!"

काकांचे सिद्धांत दोन. पहिला : काहीही बदलायची गरज नसते, दुरुस्त होतं. दुसरा : टेस्टर पेटला तर वीज आहे, नाही पेटला तर नाही. या भांडवलावर त्यांनी जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि गणपतीची रोषणाई वर्षानुवर्षं सांभाळली. घरचा मिक्सर बंद पडून आहे, असं काकू अधूनमधून म्हणतात. पण समाजकार्यात घरच्यांचं ऐकायचं नसतं.

काकांची खरी परीक्षा होते ती पूलमधला जुना दिवा गेल्यावर. हा 300 वॉटचा हॅलोजन भिंतीतल्या खोबणीत, चक्क पाण्यात बसलेला असतो. पंपरूममधला ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 12 करतो आणि तेवढेच पाण्यात सोडतो, म्हणूनच उडी मारणारे धडधाकट वर येतात.

दिवा गेल्याची बातमी ग्रुपवर येते आणि काका रबरी चपला घालून पंपरूममध्ये शिरतात. मागून वॉचमन, टॉर्च धरायला. सेक्रेटरी, खर्च ऐकायला. आणि चार-पाच पोरं, शाळेला सुट्टी म्हणून. काका ट्रान्सफॉर्मरमधून निघालेल्या वायरीला टेस्टर लावतात. पेटत नाही. पेटणार कसा? आतला निऑन उजळायला 60-70 व्होल्ट तरी लागतात. 12 व्होल्ट त्याच्या खिजगणतीतही नसतात. पण टेस्टरवर संशय घेतील ते काका कसले! "ट्रान्सफॉर्मर उडाला," निकाल लागतो.

नवा ट्रान्सफॉर्मर येतो. टेस्टर ढिम्म. "हा पीसच खराब!" दुकानदार ओळखीचा, निमूट बदलून देतो. टेस्टर पुन्हा ढिम्म. आता दोष देशाच्या उत्पादनक्षेत्राकडे जातो. "तांबंच घालत नाहीत हो हल्ली आत!"

शेवटी दिवाच काढून बघायचं ठरतं. दिवा पाण्याखाली, तेव्हा पाणी उपसणं ओघानं आलं. 15 मीटर लांब, 6 मीटर रुंद, सरासरी 1.2 मीटर खोल : काका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडतात. 1 लाख 8 हजार लिटर. 10 हजार लिटरचे अकरा टँकर, तेही मे महिन्यात. सेक्रेटरी घाम पुसतात आणि सभा एकमतानं ठराव करते : पावसाळ्यापर्यंत अंधारात पोहायचं नाही.

मग कधीतरी पंपाच्या कामाला आलेला मुलगा सहज मल्टिमीटर लावतो. आकडा येतो 12. काका चष्मा पुसून तो पुन्हा वाचतात. "मीटर चुकतोय तुझा," ते प्रेमानं सांगतात. मुलगा वाद घालत नाही. मेन स्विच बंद करतो, पाण्यात उतरतो, दिव्याच्या कड्यावरचा एकच स्क्रू सोडतो आणि दिवा वायरीसकट वर काठावर आणून ठेवतो. दिव्यामागे जास्तीच्या वायरीचं वेटोळं ठेवलेलं असतं ते याचसाठी. टँकर एकही लागत नाही. आतली फिलामेंट तुटलेली. "मला वाटलंच होतं," काका म्हणतात.

इथवर वाचून काकांना हसणाऱ्यांनी जरा थांबावं. नवा एलईडी बसवायला सगळ्यात स्वस्त कोटेशनवाला येतो तेव्हा त्यांचं दुसरं रूप दिसतं. 300 वॉटचं काम आता 35 वॉटमध्ये होणार, यावर दोघांचं एकमत. पुढे तो गृहस्थ म्हणतो, "वायर कुजलीय, पण पाण्यातच जोड मारून टेप गुंडाळतो. आणि आरसीसीबी सारखा पडतोय, तो काढूनच टाकू." सेक्रेटरींचा चेहरा खुलतो, पैसे वाचले! काका मात्र ताडकन उठतात.

"पाण्यात जोड? पोरं पोहतात इथे! आणि आरसीसीबी पडतोय म्हणजे करंट कुठेतरी गळतोय. पहारेकरी ओरडला म्हणून त्यालाच काढायचा?"

मग ते यादीच देतात. काठावरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत बिनजोडाची अखंड वायर. नवं गॅस्केट. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, आणि त्याचं टेस्टचं बटण दर महिन्याला ते स्वतः दाबणार. "काहीही बदलायची गरज नसते" म्हणणारा माणूस दिव्यापासून बॉक्सपर्यंत सगळं बदलायला लावतो. स्वस्त कोटेशनवाला चहा अर्धा टाकून जातो आणि काम त्या पंपवाल्या मुलाकडे येतं.

काकांचं निदान नेहमी चुकतं, पण हट्ट योग्य जागी असतो, आणि कमिटीत निदान करणाऱ्यांपेक्षा हट्ट धरणारे कमी असतात. तुमच्या सोसायटीत असे काका असतील तर त्यांना पुढच्या वाढदिवशी शाल-श्रीफळ न देता मल्टिमीटर द्या. आणि पूलचा दिवा गेलाच, तर पाणी काढायची घाई करू नका. आधी मेन स्विच बंद करा.