आता येईलच तो

विल स्मिथ त्या चित्रपटात नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. सासरेबुवांना ते अजून माहीत नाही, म्हणजे मला माहीत होतं हे माहीत नाही. ते पेपर निधनवार्तांपासून सुरू करून राशिभविष्यापाशी संपवतात आणि मासिकाला हात लावत नाहीत, या भरवशावर हे लिहितो आहे.

चित्रपट म्हणजे ‘इंडिपेंडन्स डे: रिसर्जन्स’, जून 2016 मध्ये आलेला. त्याचा थोरला भाऊ, साधा ‘इंडिपेंडन्स डे’, अमेरिकेत जुलै 1996 मध्ये झळकला आणि आमच्यापर्यंत पोचला तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होतो. एका जुन्या थिएटरात बाल्कनीत बसून पाहिला. त्या वेळी इंग्रजी चित्रपटाला खाली अक्षरं नसायची. संवादांतले चार आणे कळले, उरलेले बारा आणे मी शेजारच्या मित्राला विचारले आणि तो तेच मला विचारत होता. शेवटच्या लढाईआधी राष्ट्राध्यक्ष भाषण करतात, तिथे आम्ही उभे राहून शिट्ट्या मारल्या. पुढे केबलवर अक्षरांसकट पाहिला तेव्हा उलगडा झाला, की चार जुलै हा यापुढे साऱ्या जगाचा स्वातंत्र्यदिन, असं ते गृहस्थ सांगत होते. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन बुडवून झोपणारे आम्ही, दुसऱ्याच्या स्वातंत्र्यदिनाला घसा बसेपर्यंत ओरडून आलो होतो.

पण जे कळायला हवं ते बिनअक्षरांचं कळलं होतं. पहिल्याच दृश्यात चंद्रावर नील आर्मस्ट्राँगच्या मंडळींनी उमटवलेले पाय दिसतात आणि त्यांच्यावरून एक सावली सरकत जाते. मग चोवीस किलोमीटर रुंदीच्या तबकड्या शहरांवर येऊन नुसत्या थांबतात. काही करत नाहीत! जवळजवळ पाऊण तास दिग्दर्शक रोलँड एमरिख आपल्याला ताटकळत ठेवतो. जेफ गोल्डब्लमला उपग्रहांच्या संदेशात दडलेली उलटी मोजणी सापडते, लोक गच्चीवर जाऊन स्वागताचे फलक नाचवतात, आणि आपण खुर्चीच्या कडेला येतो. त्यानंतर व्हाइट हाउस उडतं. ते उडेपर्यंत बाल्कनीत कुणी शेंगदाण्याची पुडीसुद्धा वाजवली नव्हती.

ते व्हाइट हाउस खरोखरच बांधलेलं होतं, हे नंतर टीव्हीवर पाहिलं. प्रतिकृती उभारून, सुरुंग लावून, अतिवेगवान कॅमेऱ्यांनी ते टिपलं होतं. रस्त्यांवरून धावत येणारी ती आगीची भिंत तर आणखी साधी. रस्त्याची प्रतिकृती चक्क उभी केली, वर कॅमेरा ठेवला आणि खालून आग लावली. आग वर चढणारच. पडद्यावर ती आपल्या अंगावर येते. या कामाला ऑस्कर मिळालं. मला मात्र थोरल्या भावाच्या हातचा मार मिळाला, कारण त्या दिवाळीत हे तंत्र समजावून सांगण्यासाठी मी पुतण्याच्या किल्ल्याखाली सुतळी बॉम्ब लावला. महाराजांची मूर्ती आधी उचलून देवघरात ठेवली होती, तेवढी अक्कल शाबूत होती. पण मावळे, हळिवाची शेती आणि एक प्लॅस्टिकचा वाघ अंगणभर झाले. पुतण्या आता स्वतः बाप झाला आहे, तरी दिवाळीत मला किल्ल्याजवळ एकटं सोडत नाही.

तर अशा भक्ताचं पुढे लग्न झालं, आणि सासरी पहिल्या दिवाळसणाला, जावयाला काही बोलता येत नाही या नियमाचा फायदा घेऊन, मी सगळ्यांना तो चित्रपट सीडीवर दाखवला. सासरेबुवांना विल स्मिथ फार आवडला. बेशुद्ध परग्रहवासीयाला पॅराशूटमध्ये गुंडाळून तो भर वाळवंटातून फरफटत नेतो, वर त्यालाच शिव्या घालतो, लाथा मारतो. सासरेबुवांची सगळी नोकरी सरकारी गोदामात गेली. ओझं वाहताना कुरकुरणारा माणूस त्यांना एकदम घरचा वाटला. ‘तो विमानवाला’ हे नाव त्यांनी तेव्हाच ठेवलं. मेव्हणा मात्र संगणकवाला. “भावजी, गोल्डब्लम आपल्या लॅपटॉपवरून त्यांच्या यानात व्हायरस सोडतो? मला ऑफिसचा प्रिंटर जोडता येत नाही!” या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं वेगवेगळी उत्तरं दिली आणि त्यातलं एकही मला स्वतःला पटलेलं नाही. आवडत्या चित्रपटाची बाजू घेणं हे वकिली नव्हे, जामीनकी आहे. पळून गेला तर आपण भरायचं.

दुसऱ्या भागाची बातमी आली तेव्हा विल स्मिथ नसल्याचंही त्याच बातमीत होतं. त्याचं पात्र, कॅप्टन हिलर, मधल्या काळात विमानाची चाचणी घेताना मेलं, अशी सोय कथेत केलेली. मी पेपरची ती पुरवणी घडी करून कपाटातल्या कागदाखाली घातली. कारण सासरेबुवा विमानवाल्याशिवाय हलले नसते, ते न हलते तर सासूबाई हलल्या नसत्या, आणि आख्खं घराणं बरोबर नेण्याचा माझा बेत होता. शिवाय मनात एक आशा होती. पहिल्या भागात डॉक्टर ओकन नावाचा पांढऱ्या केसांचा शास्त्रज्ञ परग्रहवासीयाच्या कचाट्यात सापडून गेला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. नव्या जाहिरातीत तो वीस वर्षांच्या बेशुद्धीतून उठून टुणटुणीत फिरत होता. ओकन उठतो तर हिलरने काय घोडं मारलंय? पाहुणा कलाकार म्हणून गुपचूप आणणार असतील. “मजा आली नाही तर जेवण माझ्याकडून,” असं मी मेव्हण्याला फोनवर सांगून टाकलं, तेही त्याने न विचारता.

मल्टिप्लेक्सला पोचलो. महाराष्ट्रातल्या थिएटरांत चित्रपटाआधी राष्ट्रगीत 2003 पासून आहे, त्यामुळे आधी ‘जन गण मन’ उभं राहून आणि मग अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन बसून, असा रीतसर कार्यक्रम झाला. थ्रीडी चष्मा सासरेबुवांच्या जाड चष्म्यावर बसेना. शेवटी तो मी हाताने धरून बसलो. पुढच्या दोन तासांत माझा उजवा हात सासऱ्यांच्या कपाळावर होता, हे मागच्या रांगेतल्या लोकांना कसं दिसलं असेल याचा विचार मी टाळतो.

चित्रपटातलंही 2016 सालच होतं. त्यांच्या 2016 मध्ये जग एक झालंय, युद्धं बंद, शत्रूचं तंत्रज्ञान वापरून चंद्रावर तोफा बसवलेल्या. आमच्या 2016 मध्ये पार्किंगची चिठ्ठी सापडत नव्हती. सुरुवातीलाच व्हाइट हाउसच्या भिंतीवर हिलरची मोठी तसबीर दिसली.

“फोटो लावलाय. गेला बिचारा,” सासरेबुवा म्हणाले.

“हार नाहीये,” सासूबाईंनी अंधारात बारकाई दाखवली. “असेल.”

“असेल काय, आहेच. आता येईलच तो,” मी म्हणालो.

इथून माझी खरी दुर्दशा सुरू झाली. हिलरचा मुलगा आला, विमान चालवू लागला, सासरेबुवांनी विचारलं, मी म्हणालो, “मुलाला अडचणीत टाकतील, मग बाप येईल.” मुलगा अडचणीत आला. बाप आला नाही. हिलरची बायको कोसळत्या इस्पितळात गेली. “आता तरी?” मी नुसती मान डोलावली. सूडाला माणूस येतोच, हे आपले चित्रपट पाहून झालेलं माझं ठाम मत होतं.

आणि पडद्यावर काय चाललं होतं? यान आलं, ते पाच हजार किलोमीटरच्या आसपास रुंदीचं. काश्मीर ते कन्याकुमारी अंथरून वर दीड हजार किलोमीटर लोंबेल एवढं. ते अटलांटिक महासागरावर बैठक मारतं आणि पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत भोक पाडायला घेतं. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आशियातल्या इमारती उचलल्या जाऊन लंडनवर आपटतात. सगळं एका दमात. भ्यायला वेळच नाही. पहिल्या भागात एक घर उडालं तेव्हा पोटात गोळा आला होता. इथे आख्खी शहरं आभाळात चालली होती आणि माझा मुलगा नाचोज किती उरलेत ते मोजत होता. संगणकावर काढलेल्या त्या शहराला उडण्याआधी दोन मिनिटं तरी शहर म्हणून जगू द्यायचं! या वेळी यानाचा पाय व्हाइट हाउसपाशी येऊन नेमका थांबतो आणि गच्चीवरचा झेंडा तेवढा कलंडतो. आपल्याच जुन्या दृश्याची ही थट्टा. मी हसलो, पण सुतळी बॉम्बचा मार खाल्लेला माणूस म्हणून मला ते लागलं.

मध्यंतरात मेव्हणा काही बोलला नाही. मोबाइलवर हॉटेलांची मेन्यूकार्डं वाचत होता.

उत्तरार्धात कळलं की मधे एक पांढरा गोळा पृथ्वीला मदत करायला आला होता आणि आपण त्याला नाव-गाव न विचारता गोळी घातली होती. कल्पना चांगली होती. तिच्यावर एक वेगळा चित्रपट निघाला असता. इथे तिला बसायला पाट मिळाला नाही. मग परग्रहवासीयांची महाकाय राणी मिठागरासारख्या पांढऱ्या मैदानात शाळेच्या पोरांच्या बसमागे धावली. बसमध्ये होते पहिल्या भागातले गोल्डब्लमचे म्हातारे वडील. माझा हात बधिर झाला होता आणि सासरेबुवांच्या कपाळावर चष्म्याचा वळ उठला होता. राणी मेली. सगळे जिंकले. ‘आता आपण त्यांच्या घरी जाऊ’ अशी तिसऱ्या भागाची धमकी देऊन चित्रपट संपला.

सासरेबुवा उठेनात. “श्रेयनामावली संपू दे. त्यानंतर दाखवतात म्हणे हल्ली.” हे त्यांना मीच शिकवलं होतं. आम्ही झाडूवाल्यांबरोबर शेवटचं नाव सरकेपर्यंत बसलो. कुणी आलं नाही.

पुढे एमरिख यांनीच एका मुलाखतीत म्हटलं, की स्मिथ नाही म्हणाला तेव्हाच हा चित्रपट थांबवायला हवा होता. आधीची पटकथा बरी होती, मग घाईने दुसरी जुळवली. पहिल्याला साडेसात कोटी डॉलर लागले आणि त्याने जगभर 81 कोटींवर मिळवले. दुसऱ्याला साडेसोळा कोटी लागले आणि परत आले 39 कोटींच्या आसपास. तिसरा निघालाच नाही. माझ्या खर्चाचा हिशेब मात्र त्याच रात्री, सुरमईच्या थाळ्यांवर, मेव्हण्याने पुरा केला. बिल येईपर्यंत तो एकदाही “कसा वाटला?” म्हणाला नाही, एवढा संयम माणसाने दाखवू नये.

सासूबाई तेवढ्या खूश होत्या. “छान होता हो. पोरांची बस वाचली.”

वास्तविक एवढ्यावर गप्प बसायचं. पण मी तावातावाने त्यांना तो वाईट कसा आहे हे समजावू लागलो. वाट बघायला लावत नाही, भीती घालत नाही, प्रतिकृतींची मजा नाही, आगीची भिंत कशी उभी करून घेतात... त्यांनी शांतपणे सोलकढी संपवली.

“जावईबापू, तुम्हीच आणलंत ना आम्हाला?”

“हो, पण—”

“मग? मी तर परत बघणार. टीव्हीवर लागला की फोन करा. मधे जाहिराती असतात, गुडघे मोकळे करता येतात.”